कॅरिबियनची बॅग कशी भरायची? त्रिनिदाद, टोबॅगो आणि बार्बाडोससाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरिबियन म्हणजे एक गाव नव्हे. एका बेटावर चालणारा प्लग शेजारच्या बेटावर चालत नाही, एका बेटाचा डॉलर दुसरीकडे कुणी घेत नाही, आणि एका बेटावरून परत येताना लागणारा लशीचा दाखला दुसऱ्यावरून येताना कुणी विचारतही नाही. म्हणून हे पान तीनच ठिकाणांपुरतं आहे: त्रिनिदाद, टोबॅगो आणि बार्बाडोस. पहिली दोन मिळून एक देश, तिसरा वेगळा.

कपड्यांची फार काळजी करू नका. जूनमध्ये कोकणात जाताना जे भरता, त्यावर तिथलं काम भागतं. डोकं खर्च करा ते तिथे विकत न मिळणाऱ्या गोष्टींवर: कागदपत्रं, लस, रोजची औषधं आणि योग्य पिन.

## बॅगेत सगळ्यात आधी काय ठेवायचं?

पिवळं कार्ड. म्हणजे यलो फीव्हरच्या, पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला. स्विमसूट, कॅमेरा, सनस्क्रीन सगळं नंतर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्रिनिदाद हा पिवळ्या तापाचा धोका असलेला भाग आहे. बरेच जण समजतात की दाखला तिथे उतरताना लागेल. खरी तपासणी होते ती परत येताना, आपल्याच विमानतळावर. पिवळा ताप भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे. डेंग्यूचा तोच. एक रुग्ण आला तर पुढचं काम करायला डास तयारच आहेत, म्हणून या बाबतीत सरकार कुणाचं ऐकत नाही. त्रिनिदादहून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसेल, तर विमानतळावरून घरी न जाता विलगीकरणात जावं लागू शकतं, तेही सहा दिवसांपर्यंत. 'लस घेतलीय हो, कार्ड घरी राहिलं' हे तिथे चालत नाही. मोबाइलमधल्या फोटोवरही विसंबू नका, मूळ कार्ड न्या.

## ही लस कुठे मिळते आणि किती आधी घ्यायची?

नेहमीच्या डॉक्टरांकडे मिळत नाही. केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत आणि पुण्यात अशी केंद्रं आहेत. पूर्ण यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर बघा आणि आधी वेळ घ्या, कारण ठरावीक वारीच लस देणारी केंद्रं आहेत.

दाखला लागू होतो लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून. निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही, निदान महिनाभर आधी उरकून टाका. एकदा घेतली की आयुष्यभर पुरते. २०१६ पासून जुनी दहा वर्षांची मुदतही गेली, त्यामुळे पूर्वी आफ्रिकेला जाताना घेतलेली असेल तर तेच कार्ड शोधून काढा. कार्डावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना ते केंद्रावरच तपासा. पासपोर्ट मधे बदलला असेल तर जुना सोबत ठेवा.

साठी उलटलेल्यांनी, गरोदर किंवा स्तनपान देणाऱ्या बायकांनी, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ही लस साधारणपणे देत नाहीत.

फक्त बार्बाडोसला जाणार असाल तर ही भानगड नाही. 'आम्ही फक्त टोबॅगोला' म्हणणाऱ्यांना मात्र माझा सल्ला: घ्याच. यादीत नाव त्रिनिदादचं असलं तरी पासपोर्टवरचा शिक्का दोन्ही बेटांसाठी एकाच देशाचा असतो. मुंबईच्या काउंटरवर रात्री तीन वाजता भूगोल समजावत बसायची वेळ येऊ देऊ नका.

## व्हिसा लागतो का? आणखी कोणते कागद?

थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टवर दोन्ही देशांत व्हिसा लागत नाही. ९० दिवसांपर्यंत राहता येतं. अडचण वाटेत असते. भारतातून थेट विमान नाही, आणि मधल्या देशाचा व्हिसा लागू शकतो. अमेरिकेतून जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवाच, तिथे 'विमानतळाबाहेर जाणार नाही' ही सबब नाही. लंडनमार्गे जाणाऱ्यांनी ब्रिटनचे ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्याआधी वाचावेत, नंतर नव्हे.

अमेरिकेचा आणखी एक परिणाम थेट बॅगेवर होतो. तिथे पहिल्या विमानतळावर सामान ताब्यात घेऊन कस्टममधून न्यावं लागतं आणि पुन्हा द्यावं लागतं. म्हणजे तुमचा खाऊ त्रिनिदादच्या आधी अमेरिकेच्या अधिकाऱ्यासमोर उघडतो. फळं, मांस असलेलं काहीही, झाडाची बी किंवा रोप नकोच. बाकीचं खाद्य फॉर्मवर जाहीर करा.

हँडबॅगेत छापील कागद हवेत: परतीचं तिकीट, राहण्याच्या ठिकाणाचा पूर्ण पत्ता आणि फोन, प्रवास विमा, पिवळं कार्ड. इमिग्रेशनवर पत्ता हमखास विचारतात, आणि त्याच वेळी मोबाइलला रेंज नसते.

## कपडे किती आणि कसे?

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन साधारण कोचीच्या अक्षांशावर आहे आणि बार्बाडोसची राजधानी ब्रिजटाउन जवळजवळ चेन्नईच्या. हवामानाचा अंदाज यावरून बांधा. वर्षभर तापमान २४ ते ३२ अंशांच्या आसपास, दमटपणा भरपूर. बार्बाडोसला समुद्राचा वारा जास्त सुखावतो.

आठ-दहा दिवसांसाठी पाच-सहा पातळ सुती किंवा लिननचे कपडे पुरतात. धुवा, वाळवा, पुन्हा घाला. जीन्स एकच न्या, विमानात घालायला. भिजलेली जीन्स त्या हवेत दोन दिवस वाळत नाही. वाळत घालायला दोरी आणि चार चिमटे टाका. हे हॉटेलात मिळत नाही आणि बायकोला किंवा आईला विचारलंत तर ती आधीच म्हणालेली असते.

एक शाल किंवा पातळ स्वेटर मात्र हवाच. बाहेर घामाच्या धारा आणि आत मॉल, बँक, थिएटरमध्ये एसी असा की दात वाजतील.

## समुद्रावरचे कपडे घालून गावात फिरलं तर चालतं का?

नाही. बाहेरच्यांना वाटतं तसं हे मोकळंढाकळं वातावरण नाही. स्विमसूट किंवा उघड्या अंगाने दुकानात, बसमध्ये, बँकेत जाणं असभ्य समजतात. वरून घालायला एक सैल कुर्ता किंवा झगा आणि गुंडाळायला एखादी ओढणी एवढं पुरेसं. रात्री चांगल्या रेस्टॉरंटात पुरुषांना फुलपँट आणि कॉलरचा शर्ट लागतो, चप्पल नको. रविवारी चर्चला जाणारी माणसं बघा, आपण लग्नाला जातानाही इतके नीटनेटके नसतो.

त्रिनिदादमध्ये देवळांतही जाल. कारापिचैमाचं दत्तात्रेयाचं मंदिर आणि त्याच्या आवारातली ८५ फुटी हनुमानाची मूर्ती, किंवा वॉटरलूचं समुद्रात बांधलेलं देऊळ. खांदे आणि गुडघे झाकणारा एक जोड त्यासाठी ठेवा.

## लष्करी छापाचे कपडे नेऊ नका असं ऐकलं, खरं आहे का?

अगदी खरं. त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका आणि इतरही बऱ्याच बेटांवर सामान्य नागरिकाने कॅमोफ्लाज छापाचं काहीही घालणं बेकायदा आहे. हिरवं-तपकिरीच असं नाही, निळं-राखाडी, गुलाबीसुद्धा. टोपी, बॅग, लहान मुलाची चड्डी, काहीही. जप्ती होते, आणि कायद्यात दंड आणि तुरुंगवास दोन्ही आहेत. मुलांच्या कपड्यांत हा छाप नकळत घुसतो, म्हणून त्यांची बॅग स्वतः तपासा.

क्रिकेटसाठी जाणाऱ्यांना खास इशारा: २०२१ पासून चेन्नई सुपर किंग्जच्या पिवळ्या जर्सीच्या खांद्यांवर लष्करी छाप आलेला आहे. धोनीवर कितीही प्रेम असलं तरी ती जर्सी घरी ठेवा. भारताची निळी न्या.

## चपला-बूट काय घ्यावेत?

तीन जोड. चालायचे बूट, एक पट्ट्याची सँडल आणि पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट. हे तिसरे लोक टाळतात आणि पस्तावतात. टोबॅगोच्या बकू रीफ या प्रवाळ खडकावर आणि बार्बाडोसच्या खडकाळ किनाऱ्यांवर प्रवाळाने कापलेला पाय लवकर बरा होत नाही. हे बूट डेकॅथलॉनसारख्या दुकानात इथेच स्वस्त मिळतात. प्रवाळावर उभं मात्र राहायचं नाही, बूट असले तरी.

टोबॅगोच्या मेन रिज जंगलात जाणार असाल तर बुटांची पकड चांगली हवी, वाटा चिखलाच्या असतात. हे जंगल १७७६ पासून संरक्षित आहे, त्या वेळी आपल्याकडे सवाई माधवरावांची पेशवाई होती. जमलं तर एक दिवस त्याला द्याच.

## उन्हासाठी काय?

आपली कातडी सावळी, आपल्याला काय ऊन लागणार, हा समज पहिल्याच दुपारी उतरतो. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि पाण्यावरून परावर्तित होऊन आणखी लागतं. नावेतून फिरलेल्या किंवा स्नॉर्केलिंग (नळीने श्वास घेत, पाण्यावर तरंगत खालचं बघणं) केलेल्या माणसाची पाठ आणि पोटऱ्या संध्याकाळी बघण्यासारख्या असतात.

सर्वांत चांगला उपाय क्रीम नव्हे, कापड. लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घ्या. उघड्या भागाला एसपीएफ ३० च्या वरचं, पाण्यात टिकणारं सनस्क्रीन. झिंक ऑक्साइडवालं घ्या. ऑक्सिबेन्झोन असलेली क्रीम प्रवाळाला घातक ठरतात आणि अरुबा, बोनेअर, अमेरिकी व्हर्जिन आयलंड्स इथे त्यांच्यावर बंदीच आहे. झिंकमुळे आपल्या चेहऱ्यावर पांढरा थर दिसतो, फोटो वाईट येतात, इलाज नाही. सनस्क्रीन भारतातूनच न्या, बेटांवर आयात माल असल्यामुळे महाग पडतं. टोपी हनुवटीखाली दोरी असलेली घ्या, नुसती ठेवलेली टोपी वाऱ्याबरोबर समुद्रात जाते.

## किनाऱ्यावरच्या झाडाखाली बसू नका म्हणतात ते काय?

मॅन्चिनील नावाचं झाड. बॅगेत भरायची गोष्ट नाही, पण डोक्यात ठेवायची आहे. समुद्रकाठीच वाढतं, पानं चकचकीत, फळ लहानशा हिरव्या सफरचंदासारखं आणि म्हणे गोड लागतं. त्याचा दुधाळ चीक अंगाला लागला तर फोड येतात. पाऊस आला म्हणून आडोशाला त्याच्याखाली उभं राहिलं तर पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्यानेही येतात. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, सगळीकडे नसते. मुलांना आधीच सांगून ठेवा: खाली पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही.

## डासांसाठी काय न्यावं?

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका तिन्ही या भागात आहेत. ओडोमॉसच्या दोन ट्यूब टाका आणि जंगलात किंवा दलदलीत जाणार असाल तर डीईईटी किंवा पिकारिडिन असलेला स्प्रे. कॅरोनीच्या दलदलीत संध्याकाळी लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे परततात ते बघायला सगळे जातात, नेमके डास जागे व्हायच्या वेळी. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. प्लगमध्ये लावायची मशिन तिथे चालेल का ते खाली विजेच्या प्रश्नात.

## कोणत्या महिन्यात काय जास्त लागेल? वादळाचं काय?

जानेवारी ते मे कोरडं, जून ते डिसेंबर पावसाळी, ढोबळमानाने दोन्हीकडे. पाऊस आपल्यासारखा दिवसभर लागून राहत नाही. अर्धा तास कोसळतो आणि ऊन पडतं. छत्रीपेक्षा घडी होणारं विंडचीटर बरं.

चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्रिनिदाद नेहमीच्या मार्गाच्या दक्षिणेला पडतं, त्यामुळे थेट तडाखा क्वचित बसतो. बार्बाडोस इतकं सुरक्षित नाही. २९ जून २०२४ ला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर रोहित शर्माच्या संघाने विश्वचषक उचलला, आणि लगेच बेरिल वादळ आलं. विमानतळ बंद, कर्फ्यू, जगज्जेता संघ हॉटेलात अडकलेला. खास विमानाने ते ४ जुलैला दिल्लीत पोहोचले. आपल्यासाठी खास विमान येणार नाही. म्हणून या मोसमात जाणाऱ्यांनी रोजची औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त न्यावीत, एक पॉवर बँक, एक टॉर्च आणि वादळामुळे होणारा खोळंबा धरणारा विमा घ्यावा. विमा वादळाला नाव पडण्याआधी काढलेला हवा. बातमी आल्यावर काढलेला विमा त्या वादळाचे पैसे देत नाही.

## आपले चार्जर, इस्त्री, किटली चालतील का?

दोन्ही देशांत ११५ व्होल्ट आणि अमेरिकेसारखी दोन चपट्या पट्ट्यांची पिन. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि गोल पिन.

चार्जर हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. 'इनपुट' समोर १००-२४० लिहिलं असेल तर फक्त अ‍ॅडॉप्टर पुरतो. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेऱ्याचे चार्जर बहुधा असेच असतात. नुसतं २२०-२४० लिहिलं असेल तर ती वस्तू घरी ठेवा. व्होल्टेज निम्मं झालं की तापणाऱ्या उपकरणाची ताकद निम्मी नाही, पाव होते. म्हणजे १५०० वॉटची किटली तिथे जेमतेम ३७५ वॉटची. चहाचं पाणी उकळेपर्यंत आयपीएलची दोन षटकं होतील. इस्त्री कोमट, हेअर ड्रायर फुंकर. डास पळवणाऱ्या मशिनचंही तेच, ते नीट तापतच नाही. हॉटेलची किटली आणि इस्त्री वापरा.

अ‍ॅडॉप्टर भारतातून घ्या आणि दुकानातच आपली पिन त्यात घालून बघा. लॅपटॉपची तीन पायांची जाड पिन बऱ्याच स्वस्त अ‍ॅडॉप्टरांत शिरत नाही. पुढे सेंट लुशिया किंवा ग्रेनेडाला जाणार असाल तर तिथे ब्रिटिश पद्धतीची तीन चौकोनी पायांची पिन आणि आपल्यासारखं जास्त व्होल्टेज आहे, त्यासाठी वेगळा अ‍ॅडॉप्टर.

पॉवर बँक हँडबॅगेतच, चेक-इनमध्ये नाही.

## औषधांची पिशवी कशी करावी?

रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि सगळ्या हँडबॅगेत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपली ब्रँडची नावं तिथल्या केमिस्टला कळत नाहीत. गोळ्या पाकिटातून काढून वारांच्या डबीत भरायची सवय असेल तर ती डबी रिकामी न्या.

बाकी: ओआरएसची पाकिटं, तापाची गोळी, बेटाडिन, वॉटरप्रूफ पट्ट्या, अ‍ॅलर्जीची गोळी, लॅक्टो कॅलामाइन. दम्याच्या रुग्णांनी इनहेलर विसरू नये. उन्हाळ्यात सहारा वाळवंटाची धूळ अटलांटिक ओलांडून या बेटांवर येते आणि आकाश दिवसचे दिवस मळकट राहतं.

टोबॅगोला बोटीने जाणार असाल तर उलटीची गोळी हवीच. पोर्ट ऑफ स्पेन ते स्कारबरो साडेतीन-चार तास लागतात आणि उघड्या समुद्रात बोट चांगलीच हलते. विमानाने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता, पण ते पंख्यांचं छोटं एटीआर विमान असतं. वरचे कप्पे लहान, त्यामुळे मोठी ट्रॉली दारातच काढून घेतात. औषधं, पैसे, पासपोर्ट वेगळ्या झोळीत ठेवा.

## आम्ही शाकाहारी आहोत. खायला काय न्यायचं?

त्रिनिदादला जाताना डब्बे भरून नेऊ नका. ३० मे १८४५ ला 'फातेल रझाक' जहाजातून पहिले भारतीय मजूर तिथे उतरले आणि त्यांनी, मुख्यतः भोजपुरी मुलखातल्या माणसांनी, खाण्याची जी परंपरा उभी केली तीच आज साऱ्या देशाची न्याहारी आहे. डबल्स म्हणजे दोन मऊ तळलेले, पुरीसारखे बारे, मध्ये छोले, वर काकडी, चिंचेची चटणी आणि कुचेला नावाचं कैरीचं लोणचं. विक्रेता कागदावर एका हाताने बारा टाकतो, दुसऱ्याने छोले, आणि तिखट किती म्हणून विचारतो. पहिल्या दिवशी 'स्लाइट' म्हणा. तिथली मिरची लवंगीची थोरली बहीण आहे. दालपुरी रोटी, भोपळा, चवळीच्या शेंगांची भाजी, सहीना (अळूच्या पानांची तळलेली वडी), आलू पाय (बटाटा भरून तळलेली पुरी), सगळं मिळतं. कलालू दिसायला अळूची भाजी, पण त्यात खेकडा किंवा डुकराची शेपटी असू शकते, विचारून घ्या.

बार्बाडोसला तारांबळ जास्त. तिथला राष्ट्रीय पदार्थ कूकू (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि उडता मासा, आणि साध्या दिसणाऱ्या भातातही खारवलेलं डुकराचं मांस असतं. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं 'इटल' जेवण देणारी ठिकाणं शोधा, ते शाकाहारी असतं. तिथे मेतकूट, थेपले, चिवडा, झटपट उपम्याची पाकिटं उपयोगी पडतील.

दोन सूचना. सुक्या खोबऱ्याची वाटी सामानात टाकू नका. तेल जास्त, पेट घेते म्हणून विमानात मनाई आहे आणि आपल्याच विमानतळावर बॅग उघडायला लावतात. लोणचं चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत गुंडाळून.

## पैसे कसे न्यावेत?

अमेरिकन डॉलर, लहान नोटांत, आणि सोबत एक फॉरेक्स कार्ड. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हे नातं १९७५ पासून पक्कं आहे. तिथे अमेरिकन नोटा दुकानातही घेतात, सुटे मात्र स्थानिक मिळतात. त्रिनिदादचा डॉलर वेगळा, अमेरिकन एका डॉलरला साधारण पावणेसात. उरलेले त्रिनिदादचे डॉलर तिथेच संपवा, मुंबईत कुणी बदलून देत नाही. २०२५ मध्ये त्रिनिदादने यूपीआय स्वीकारायचं ठरवलं, पण त्या भरवशावर खिसा रिकामा ठेवून जाऊ नका. डबल्सवाल्याला रोख लागते.

## दागिने, मंगळसूत्र?

सोनं घरी ठेवा. त्रिनिदादमध्ये गुन्हेगारी खरोखर चिंतेची आहे, डिसेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये तिथे आणीबाणी जाहीर झाली होती. मंगळसूत्र हवंच असेल तर साध्या काळ्या मण्यांचं. लग्नकार्यासाठी खरे दागिने न्यायचेच असतील तर निघताना आपल्या विमानतळावर कस्टमकडून निर्यात दाखला घ्या, नाहीतर परत येताना 'हे तिथून आणलं नाही' हे सिद्ध करत बसाल.

## कार्निव्हलसाठी वेगळं काय?

कार्निव्हल ॲश वेन्सडेच्या, म्हणजे ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या, आधीचा सोमवार आणि मंगळवार. त्रिनिदादमध्ये रस्त्यावर नाचगाण्याचे दोन दिवस. २०२७ मध्ये ८ आणि ९ फेब्रुवारी. सोमवारी पहाटे अंधारात 'जूवे' सुरू होतो: रंग, चिखल, तेल, कधी चॉकलेटसुद्धा. त्यासाठी टाकून द्यायच्या लायकीचे कपडे आणि जुने बूट न्या. रंगपंचमीला निघताना जसं अंगाला खोबरेल चोपडतो तसंच इथेही चोपडा, रंग सुटतो. मोबाइलसाठी गळ्यात अडकवायची वॉटरप्रूफ पिशवी आणि कानात घालायचे बोळे. बोळ्यांना हसू नका, ट्रकवरचे स्पीकर छातीत धडधडतात.

## सामना बघायला जातोय. काही खास?

पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर जाणार असाल तर मार्च १९७१ आठवा. वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं ते इथेच, सरदेसाईंचं शतक आणि गावसकरांचं पदार्पण त्याच कसोटीत. बॅगेत दुर्बीण, टोपी, बसायला छोटी उशी. मोठी बॅग आणि काचेच्या बाटल्या आत सोडतील असं धरून चालू नका. त्या सामन्याचे नियम आदल्या दिवशी वाचा.

## काय अजिबात नेऊ नये?

ड्रोन, कारण परवानगीशिवाय चालत नाही. भारी परफ्यूमची मोठी बाटली. दुसरी जीन्स. आणि 'लागलंच तर' या नावाखाली भरलेली प्रत्येक गोष्ट एकदा बाहेर काढून बघा.

## परतीसाठी जागा ठेवायची का?

पाच किलो तरी ठेवा. त्रिनिदादचं पेपर सॉस, अँगोस्टुरा बिटर्स (पेयांत थेंबभर घालायचा कडवट अर्क), तिथल्या कोकोचं चॉकलेट (कोकोची 'ट्रिनिटारिओ' जात याच बेटाच्या नावाची), बार्बाडोसची रम. भारतात माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. अमेरिकेमार्गे येणाऱ्यांनी बाटल्या चेक-इनमध्येच घालाव्यात, कारण मध्ये सुरक्षा तपासणी पुन्हा होते आणि हँडबॅगेतला द्रव जातो.

प्रवाळाचे तुकडे आणि मोठा गुलाबी शंख उचलून आणू नका. तो शंख, क्वीन कॉन्क, आंतरराष्ट्रीय करारानुसार परवान्याखाली येतो. देवघरासाठी शंख हवा असेल तर इथेच, पावती घेऊन घ्या.